कंपनीनं मीठ खाल्लं नव्हतं

सकाळची पहिली बंडी काट्यावर चढली होती. बैल धापा टाकत होते, गाडीवान खाली उतरून मुंडाशानं तोंड पुसत होता. मी टेबलावरून हात पुढे केला, त्याची चिठ्ठी घेण्यासाठी. त्यानं ती दिलीच नाही. हातात धरून तो नुसता उभा राहिला.

“बाई, काल सांजीले दादा मोहाच्या झाडाखाली दिसले नाई.”

“तब्येत बरी नसंल,” मी म्हटलं. पण म्हणता म्हणताच माझा हात खाली आला.

“गेले वं बाई… दुपारीच गेले.”

मागच्या बंडीवाल्यानं हाळी दिली, काय थांबून राह्यले म्हणून. मी त्या माणसाच्या हातातून चिठ्ठी घेतली, वजन लिहिलं, प्रत लिहिली, हिशेब करून दिला. मग पुढची बंडी आली, तिचाही केला. संध्याकाळपर्यंत आवार मोकळं झालं तेव्हा कुठे मी मशीनच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि रडले. आधी रडले असते तर बैल उभे राहिले असते, आणि ते दादांना चाललं नसतं.

दादा म्हणजे हिरामणदादा. मारेगावच्या आमच्या सहकारी जिनिंगचे एकेकाळचे व्यवस्थापक. वणीच्या रस्त्यावरच्या तांड्यातले. तांड्यातून चार बुकं शिकून बाहेर पडलेला आणि कोट घालून कचेरीत बसलेला पहिला माणूस. कोट कसला, खांद्यावर उसवलेलं एक जुनेर होतं, पण मंडळाची बैठक असली की तो अंगावर चढायचाच. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि राग आला की एकदम बंजाऱ्यांच्या गोर बोलीत शिरायचे, म्हणजे ज्याला शिव्या बसायच्या त्याला त्या कळायच्या नाहीत. मी त्यांच्या नात्यातली नाही, जातीतली नाही. माझा बाप त्याच जिनिंगमध्ये रुईच्या गाठी वाहायचा. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, आणि त्यानंतर दोन उन्हाळे गेले तशी मी मॅट्रिक झाले. बापानं मला दादांपुढे नेऊन उभं केलं. काय बोलावं ते त्याला सुचेना, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “पोरगी शिकली जी.” दादांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, “तुले मशीनचं भेव वाटते काय?” मी विचारलं, कोणत्या? ते म्हणाले, “मले बी माईत नाई. अजून यायची हाय.”

त्या मशीनची गोष्ट सांगितल्याशिवाय दादांची गोष्ट सांगता येणार नाही.

कापसाच्या हंगामात आमच्या आवारात बंड्यांची रांग फाटकाबाहेर लांबवर जायची. वजन लगेच व्हायचं, पण हिशेब दुसऱ्या दिवशी. कारकून मंडळी दिवसभर चिठ्ठ्यांचा गठ्ठा जमवायची आणि मग निवांत बसून गुणाकार करायची. शेतकरी हिशेब घेतल्याशिवाय घरी जायचा नाही. तो बंडीखाली अंथरूण घालायचा, त्याचं काही नाही, पण बैल? सोबत आणलेला कडबा संपलेला, पाण्याच्या टाकीवर भांडणं, आणि मुक्या जनावरांनी डोळे मिटून उभं राहायचं. दादांना शेतकऱ्याची दया कितपत यायची देव जाणे, शेतकऱ्याशी ते कचाकचा भांडायचे. पण उभा बैल त्यांना बघवत नसे. तिन्हीसांजेला आवारातून फिरायचे, प्रत्येक बैलाच्या कपाळावर हात ठेवायचे आणि कचेरीत येऊन कारकुनांवर भडकायचे. “तुमचा हातचा एक चुकते अन् थो बैल उपाशी राह्यते!”

याचं मूळ घरात होतं. त्यांचे आजोबा लदणीचे, म्हणजे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचा तांडा घेऊन मुलूखभर हिंडणारे. मीठ वाहायचे. एका मोठ्या व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की जोवर माणसाला मीठ लागतंय तोवर तुझे बैल चालत राहतील. माणसाला मीठ लागायचं काही थांबलं नाही, पण आगगाडी आली. व्यापाऱ्यानं एका हंगामात पाठ फिरवली आणि सगळा बैलतांडा माळावर उभाच राहिला. आजोबांनी ते बैल एकेक करून विकले आणि कधी न धरलेला नांगर धरला. मरेपर्यंत ते एकच बोलायचे, चूक माझीच झाली, तो व्यापारी गादीवर बसून बोलला आणि मी खाली बसून ऐकलं. तो आपल्या घरी कधी जेवला नव्हता. जो आपल्या ताटातलं मीठ खात नाही त्याच्या शब्दाला काय धरायचं?

यावरून दुसरा कुणी असता तर मोठ्या लोकांच्या शब्दावर विसंबायचंच नाही, असं शिकला असता. दादा शिकले ते असं की शब्द घेण्याआधी माणसाला जेवू घालावं! इतका सरळ हिशेब. मला अजून त्याचा राग येतो आणि हसूही येतं.

तर मशीनवाला आला. देशकर त्यांचं नाव, नागपूरचे, कंपनीचे प्रतिनिधी. गोरे, किडकिडीत, धुळीनं माखलेले, एस्टीतून उतरले तेव्हा छातीशी एक पेटी अशी धरलेली की आत बाळ असावं. हिशेबाची परदेशी मशीन होती. आकड्यांच्या कळा दाबायच्या, बाजूचं हँडल ओढायचं, की गुणाकार-बेरीज होऊन आकडा कार्डावर उमटायचा. प्रत्येक सभासदाचं एक कार्ड. बंडी काट्यावरून उतरेपर्यंत हिशेब तयार. दादांचे डोळे लकाकले. पण मेख अशी होती की कार्डं त्याच कंपनीची, शाईची फीत त्याच कंपनीची, आतला स्क्रूसुद्धा बाजारात मिळणार नाही. सगळी खाती एकदा कार्डांवर चढवली की जुन्या वह्या बंद.

मी तेव्हा कोपऱ्यात उभी होते. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलले. “कंपनीनंच बंद केली तं?”

अध्यक्ष हसले, कारकून हसले. देशकर मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, जोवर इथे कापूस येतोय तोवर आमची कंपनी तुमच्या मागे उभी राहील. हा माझा शब्द.”

जोवर कापूस… जोवर मीठ. दादांना त्यात काहीच ओळखीचं ऐकू आलं नसेल का? मी पुष्कळदा विचार केला आहे. मला वाटतं, आलं असावं. म्हणूनच ते उठले, कोट खुंटीला टांगला आणि म्हणाले, “चाला साहेब, जेवाले. पोरी, तू बी चाल. मशीन तुलेच चालवायची हाय.”

तांड्यातल्या त्यांच्या घरात त्यांची आई होती, याडी. गोर बोलीत आईला याडी म्हणतात, आणि सगळा तांडा तिला याडीच म्हणायचा. दंडभर पांढऱ्या बांगड्या, उन्हानं रापलेला चेहरा, बोलणं कमी. तिनं एका मोठ्या थाळीत ज्वारीच्या भाकरी ठेवल्या, अंबाडीची भाजी वाढली आणि कडेला मिठाचा खडा ठेवला. एकच थाळी. त्यांच्या घरची रीत ती, शब्द देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एका ताटात जेवायचं. देशकर मांडी घालून बसले. मी दाराशीच उभी. याडीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात जरा थांबला. मी कोण, कुणाची, हे तिला ठाऊक होतं. त्या थांबण्याची मला सवय होती, कचेरीतही माठातलं पाणी मला दुसऱ्यानं वरून ओतावं लागे. मी मागे सरणार तोच दादांनी भाकरीचे तीन तुकडे केले, तिसऱ्यावर मिठाचा चुरा घातला आणि थाळीच्या माझ्या बाजूला ठेवला. याडीनं त्या तुकड्याकडे पाहिलं, मग हात हलवून मला बोलावलं. “आव बेटी, बेस.”

आम्ही तिघं एका थाळीत जेवलो. पाणी पिऊन दादांनी ढेकर दिली आणि म्हणाले, “झालं. आता कागद कायले पायजे?” कागद अर्थात झाले, मंडळानं सोडलं नाही. पण दादांच्या लेखी करार थाळीतच झाला होता.

पुढचे हंगाम माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. मशीनला धूळ चालत नाही म्हणून तिला एक वेगळी खोली मिळाली, आणि मशीनला मिळाली म्हणून मलाही. कारकुनांनी मशीनला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, ती आपल्या पोटावर पाय देणार अशी त्यांना भीती. त्यांच्या त्या हट्टामुळे माझी खुर्ची पक्की झाली. खोलीत माझा माठ होता. दुपारी दादा दारातून डोकवायचे, “पानी पाज वं पोरी,” म्हणायचे आणि माझ्या हातचं पाणी सगळ्यांना दिसेल असं दारात उभं राहून प्यायचे. कचेरीत त्यांचा स्वतःचा माठ भरलेला असायचा. संध्याकाळी रिकाम्या बंड्या घुंगरं वाजवत फाटकाबाहेर पडायच्या, दिवेलागणीच्या आत. दादा ओट्यावर उभे राहून त्यांच्याकडे असे बघायचे की जणू आजोबांचे बैलच माळावरून परत निघालेत.

देशकर दर हंगामाआधी येऊन मशीन उघडून साफ करायचे आणि तांड्यात जेवून जायचे. याडी त्यांना मशीनवाला म्हणायची.

मग एका वर्षी ते हंगामाआधी नाही, भर उन्हाळ्यात आले. पेटी नव्हती, नुसती रंगीत चित्रांची पत्रकं होती. दादांसमोर बसले आणि बराच वेळ घाम पुसत राहिले.

“दादा, आपलं मॉडेल कंपनीनं बंद केलं. सुटे भाग आहेत तेवढे देतील, कार्डं छापणं थांबणार. मला नवीन मॉडेल दाखवायला पाठवलंय.”

दादांनी पत्रक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. “अन् हे किती वर्सं चालंल?”

“कंपनी म्हणते, कायम.”

“कंपनी ऱ्हाऊ द्या. तुमी काय म्हनता?”

देशकरांनी ते पत्रक दादांच्या हातातून परत घेतलं आणि त्याची घडी घातली. मी दारात उभी होते, मला माझी खुर्ची, माझी खोली, माझा माठ सगळं हलल्यासारखं झालं आणि त्या गृहस्थाच्या तोंडावर ओरडावंसं वाटलं. पण दादा हसले. मोठ्यानं नाही, जरासं. “पाह्यलं पोरी? हे खोटं नाई बोलले.” आणि मग देशकरांना, “चाला, जेवाले.”

“नको दादा. मला आता तुमचं मीठ खायचा हक्क नाही.”

“काहून नाई? तुमी तं खाल्लंच होतं. कंपनीनं कुठं खाल्लं? तिले तोंड नाई, पोट नाई, ते कायले जागंन मिठाले? मले कळाले पायजे होतं. चाला उठा, याडी वाट पाहून राह्यली.”

देशकर जेवले. त्या दिवशी त्यांचा घास उतरत नव्हता, हे मी पाहिलं आहे, आणि पुढे लोक त्यांना लबाड म्हणू लागले तेव्हा ते मला ऐकवत नसे. पुढच्या हंगामात ते दोनदा आले, कंपनीच्या कामानं नव्हे. कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतल्या मशीनचे भाग रुमालात बांधून आणले, बसवले, भाड्याचे पैसेही घेतले नाहीत. तिसऱ्यांदा आले नाहीत. बदली झाली म्हणे, कोणी कलकत्ता सांगितलं, कोणी नोकरी गेली म्हणून सांगितलं. पुढे काही कळलं नाही.

आणि एका सकाळी, आवार गच्च भरलेलं असताना, मशीनचं हँडल अर्ध्यावर अडकलं. आत दातेरी चाकाचा तुकडा पडला होता. मी कळा दाबत राहिले. बाहेर बंड्यांमागून बंड्या येत होत्या. दादा आत आले, हँडलला हात लावून पाहिला आणि हळूच सोडून दिला. मग त्यांनी माझं टेबल उचललं. एकट्यानं. दारात ते अडकलं, त्यांनी ते आडवं करून काढलं आणि थेट काट्याशेजारी नेऊन उन्हात मांडलं. “बस इथं. बंडी आली का तिचा हिसाब. एकेक. जसा मशीनवर करते तसाच.” मी हातानं करू लागले. वर्षानुवर्षं एकेक बंडीचा हिशेब तिथल्या तिथे करायची सवय लागली होती, तीच आता पेन्सिल चालवत होती. दुपारनंतर एक म्हातारा कारकून, ज्यानं इतक्या वर्षांत माझ्याकडे पाठ करून खुर्ची मांडली होती, तीच खुर्ची उचलून उन्हात आला, शेजारी बसला आणि अर्ध्या चिठ्ठ्या त्यानं आपल्याकडे ओढल्या. दिवे लागून गेले, पण त्या दिवशी एकही बैल आवारात मुक्कामाला राहिला नाही.

त्याचं कौतुक कुणी केलं नाही. हंगाम संपताच मंडळाची बैठक बसली. एवढी महागडी वस्तू भंगार झाली, जबाबदार कोण? कुणीतरी म्हणालं, मशीन गेली तर मशीनवरची बाई कशाला हवी? मला बाहेर बसवलं होतं, पण दादांचा आवाज भिंतीला ऐकणारा कधी नव्हताच.

“कंपनीवर भरोसा म्या ठेवला. पोरीनं नाई. तिनं तं पयल्याच दिशी विचारलं होतं, तवा तुमी समदे हासले. आता ज्याचा भरोसा त्याची चूक. माही खुर्ची घ्या. पन तिची हालली नाई पायजे.”

ते बाहेर आले तेव्हा अंगात कोट होता. माझ्यासमोर थांबले. मी रडत होते. “कायले रडते वं? पानी पाज.” उभ्यानं तांब्याभर पाणी प्यायले आणि वणीच्या रस्त्यानं चालू लागले. परत त्या फाटकातून आत आले नाहीत. माझी खुर्ची हलली नाही, ती आजही काट्याशेजारी आहे. पण ती कुणाच्या खुर्चीच्या मोबदल्यात टिकली, हे विसरून मी तिच्यावर एक दिवसही बसलेली नाही.

तांड्याच्या वळणावर रस्त्याला लागून एक मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली दगड आहे. शेतातलं काम आटोपून दादा हंगामात रोज संध्याकाळी तिथे येऊन बसायचे. आमच्या आवारातून निघालेली रिकामी बंडी त्यांच्यासमोरूनच जायची. गाडीवान ओरडायचा, “राम राम दादा!” दादा विचारायचे, “हिसाब भेटला?” तो म्हणायचा, भेटला. बस, एवढंच. बंड्या उजेडी आल्या की दादा खूश. उशीर झाला की दुसऱ्या दिवशी एखाद्या गाडीवानाकडून मला निरोप, “बाईले सांगा, बैल पायले म्या अंधारात.” त्या निरोपाचा मला राग यायचा आणि त्याच्यासाठीच मी घाईही करायची.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. छाती भरून आली होती, संध्याकाळी तेवढे मोहापर्यंत यायचे, एरवी खाटेवर बसूनच श्वास घेत होते. घरी जाते म्हणून मी उठले तेव्हा म्हणाले, “देशकर आले तं जेवल्याबिगर जाऊ देजो नको.” मी चिडले. “दादा, ते आता येत नाहीत. सोडा ना तो विषय.” ते हसले, खोकले. “थो मानूस खोटा नोयता वं. त्याच्या हातात जे नोयतं ते त्यानं कबूल केलं, एवढंच.” बोलून दमले, भिंतीला टेकले. मी त्यांच्या पायाला हात लावला. थंड होते.

त्यांच्या मागच्या विधींना मी गेले नाही, गर्दी असते. परवा गेले. वळणावर बंडी थांबवायला सांगितली. मोहाखालचा दगड रिकामा होता, पण माझा गाडीवान सवयीनं ओरडला, “राम राम दादा,” आणि ओरडून झाल्यावर ओशाळा झाला. मी त्याला काही बोलले नाही. उत्तर द्यायला कुणी नव्हतं म्हणून मीच मनात म्हटलं, भेटला, हिशेब भेटला.

घरात याडी एकटी. लेकाच्या मागे राहिलेली आई काय असते ते लिहिण्याची माझ्यात ताकद नाही. खुंटीवर तो कोट होता. मला पाहून ती रडली नाही, चुलीकडे वळली आणि तीच मोठी थाळी काढली. भाकरी ठेवली, भाजी वाढली, कडेला मिठाचा खडा. मग माझ्यासमोर बसून तिनं विचारलं, तिच्या त्या अर्ध्या गोर, अर्ध्या वऱ्हाडी बोलीत,

“बेटी, थो मशीनवाला येईन काय? हिरामन सांगून गेला, त्याले जेवाले घाल म्हनून.”

तिच्या डोळ्यांकडे पाहवेना. ओठांवर शब्द आलाच होता, येईल याडी, नक्की येईल. एवढंच तिला ऐकायचं होतं, आणि म्हणायला माझं काय जात होतं? तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, देशकरांनी त्या दिवशी दादांचे लकाकलेले डोळे पाहून तो शब्द कसा दिला असेल ते. वाईट मनानं दिला नव्हता. समोरच्याला नाही म्हणवेना म्हणून दिला होता.

मी तिचा हात हातात घेतला.

“त्याचं मले माईत नाई, याडी. ते माह्या हातात नाई. मी येत जाईन.”

याडीनं भाकरीचे दोन तुकडे केले, एकावर मिठाचा चुरा घातला आणि थाळीच्या माझ्या बाजूला ठेवला. मी खाल्ला.